प्रबंधाची मुदत हुकली म्हणताय, पण ती मोजली कोणी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठाचं पीएचडी प्रवेशाचं पत्र १४ ऑगस्ट २०१९ चं. विषयाला मान्यता मिळाल्याचं पत्र मार्च २०२० चं. २०२२ मध्ये बाळंतपण. मे २०२५ मध्ये प्री-सबमिशन, म्हणजे प्रबंध देण्याआधीचं, सादरीकरण झालं, जूनमध्ये अंतिम मसुदा गाइडकडे दिला, त्यांची सही ११ ऑगस्टला मिळाली, ग्रंथालयाचा प्लॅगॅरिझम रिपोर्ट, म्हणजे मजकूर उचललेला नाही ना याच्या तपासणीचा अहवाल, १९ ला. २० ऑगस्टला बांधलेल्या प्रती घेऊन पीएचडी सेक्शनला गेलात, तर सहा वर्षं १४ तारखेलाच संपली म्हणून त्या परत केल्या. तुम्ही विनंती अर्ज दिलात. ऑक्टोबरअखेर दोन ओळींचं उत्तर आलं: 'नियमानुसार मुदत संपल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही, नोंदणी रद्द समजावी.' आता तुम्ही विचारताय की ग्राहक न्यायालयात नुकसानभरपाई मागू, की गाइडवर केस करू, आणि जिंकण्याची शक्यता किती.

मी बावीस वर्षं उच्च न्यायालयात शिक्षणविषयक प्रकरणं चालवतो. त्यातली पहिली नऊ वर्षं विद्यापीठांच्या वकिलांच्या पॅनेलवर होतो, त्यामुळे तुम्हाला आलेलं पत्र ज्या टेबलावर तयार होतं ते टेबल मी जवळून पाहिलंय. दोन्ही केसेस करू नका, हे आधीच सांगतो. त्याचं कारण पुढे देतो.

तुमच्या प्रश्नातला निम्म्याहून जास्त मजकूर उशीर का झाला यावर गेलाय. गाइड, ग्रंथालय, घरचं आजारपण. सगळं खरं असेल, पण वाचताना मला दिसलं ते हे की १४ ऑगस्टला मुदत संपली, ही विद्यापीठाची गोष्ट तुम्ही जशीच्या तशी मान्य करून टाकली आहे. सेक्शनमधला माणूस रजिस्टर बघून तारीख सांगतो आणि विद्यार्थी तिथून पुढे माफी मागायला लागतो. माझ्याकडे येणाऱ्या दहा प्रकरणांत दोन-तीन तरी अशी निघतात की मुदत संपलेलीच नसते, किंवा ती संपली की नाही यावर खराखुरा वाद असतो. तुमचं प्रकरण त्यातलं असावं असं मला वाटतं.

सुरुवात कुठले नियम लागू होतात इथून करू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे सध्याचे विनियम नोव्हेंबर २०२२ चे. त्यात कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त आठ. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे कमाल दहा. ही वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजायची, असंही त्यात स्पष्ट आहे. पण तुम्ही २०१९ च्या. ११ जुलै २००९ नंतर आणि २०२२ चे विनियम येईपर्यंत ज्यांची नोंदणी झाली, त्यांच्या पदवीला त्या त्या वेळचे, २००९ चे किंवा २०१६ चे, विनियम लागू राहतील, असं खुद्द २०२२ च्या विनियमांतच म्हटलंय. म्हणजे तुम्हाला लागू होणारे विनियम २०१६ चे. त्यात कमाल सहा वर्षं आहेत, महिलांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत देता येईल असं आहे, आणि त्याखेरीज संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येईल असंही आहे.

आता हे तुमच्या तारखांवर बसवून बघा. तुम्ही महिला आहात. दोन वर्षांच्या सवलतीबद्दल तुमच्या अर्जात एक शब्द नाही आणि विद्यापीठाच्या पत्रातही नाही. नुसते प्रसूती रजेचे २४० दिवस १४ ऑगस्ट २०२५ च्या पुढे मोजले तरी तारीख ११ एप्रिल २०२६ येते. तुम्ही प्रबंध घेऊन गेलात २० ऑगस्टला. सहा दिवसांचा उशीर कुठल्या कुठे बुडून जातो.

तिसरा धागा मोजणी सुरू कुठून करायची याचा. २०२२ चे विनियम प्रवेशाची तारीख धरतात, पण २०१६ चे विनियम सहा वर्षं म्हणताना ती कुठल्या दिवसापासून, हे तितकं नेमकं बोलत नाहीत. तिथे तुमच्या विद्यापीठाचा त्या काळातला अध्यादेश किंवा निदेश, म्हणजे विद्यापीठाची स्वतःची नियमावली, बघावा लागतो. काही ठिकाणी तात्पुरत्या प्रवेशाच्या पत्रापासून मोजतात, काही ठिकाणी संशोधन व मान्यता समितीने, म्हणजे आरआरसीने, विषय मंजूर केल्यापासून. तुमची आरआरसीची तारीख मार्च २०२० ची आहे. अध्यादेशात ती धरली असेल तर सहा वर्षं मार्च २०२६ ला होतात आणि सगळा वादच निकालात निघतो. असेलच असं मी म्हणत नाही, तुमच्या विद्यापीठाचा कागद मी पाहिलेला नाही. पण तो कागद न पाहता 'मुदत संपली' हे मान्य करू नका. एकदा एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात आम्ही अध्यादेशाची जुनी प्रत मिळवली, तेव्हा लक्षात आलं की सेक्शन गेली चार वर्षं नव्या नियमानं जुन्या मुलांचीही मोजणी करत होता. त्यात लबाडी नव्हती. नव्या कारकुनाला नवं परिपत्रक मिळालं होतं आणि जुनं कपाटात राहिलं होतं.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१६ च्या विनियमांत या दोन्ही सवलती 'देता येईल' या भाषेत आहेत. म्हणजे तो आपोआप मिळणारा हक्क नाही, विद्यापीठाच्या विवेकाधिकारातली गोष्ट आहे, आणि विद्यापीठाचा वकील नेमकं यावरच बोट ठेवेल. पण विवेकाधिकार असणं म्हणजे तो वापरलाच नाही तरी चालणं नव्हे. नियमात सवलतीची तरतूद आहे आणि समोर त्या वर्गात बसणारी व्यक्ती अर्ज घेऊन उभी आहे, तेव्हा तिची परिस्थिती बघून, कारण देऊन, हो किंवा नाही म्हणणं हे विद्यापीठाचं काम. तुमच्या पत्रात 'नियमानुसार' एवढंच आहे. कुठला नियम, कितवं कलम, सवलतीचा विचार केला की नाही, काहीच नाही.

प्रसूती रजेबद्दल मला तुमच्याकडून एक गोष्ट कळली पाहिजे. २०२२ मध्ये तुम्ही लेखी अर्ज दिला होता का? बहुतेक मुली देत नाहीत. पगार नाही तर रजा कसली, असं वाटतं. विभागात सगळ्यांना माहीत असतं, पेढेही वाटले जातात, आणि कागदावर मात्र त्या काळात तुम्ही संशोधन करत असता. अर्ज दिला असेल आणि त्यावर आवक क्रमांक असेल तर तुमची बाजू भक्कम. दिला नसेल तरी संपलं असं नाही, फक्त आता तो काळ दुसऱ्या कागदांनी उभा करावा लागेल: बाळाचा जन्मदाखला, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे संशोधन सल्लागार समितीची, आरएसीची, इतिवृत्तं. २०१६ च्या विनियमांप्रमाणे दर सहा महिन्यांनी आरएसीपुढे प्रगती मांडायची असते. त्या काळातल्या बैठकीत तुम्ही गैरहजर असाल आणि इतिवृत्तात 'प्रसूतीमुळे अनुपस्थित' असा शेरा असेल, तर तो एक शेरा सोन्याच्या मोलाचा. विद्यापीठाला ते तेव्हाच माहीत होतं, हे त्यातून दिसतं.

आता गाइड आणि ग्रंथालयाकडे येऊ. समजा वरचं सगळं कोसळलं आणि मुदत १४ ऑगस्टलाच संपली असं ठरलं, तर उशीर कोणाच्या हातात झाला हे महत्त्वाचं ठरतं. म्हणून एका कोऱ्या कागदावर तारखांचा तक्ता करा. प्रबंध कुठल्या दिवशी कोणाकडे होता, किती दिवस होता, आणि ते कशावरून दिसतं. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. रिट याचिकेच्या, म्हणजे अशा निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायच्या याचिकेच्या, सुरुवातीलाही प्रबंधासारखा सिनॉप्सिस, म्हणजे गोषवाराच असतो, फक्त तो असा तारखांचा असतो, आणि न्यायमूर्ती बहुतेक वेळा आधी तोच वाचतात. तुमच्या तक्त्यात जूनपासून ११ ऑगस्टपर्यंत मसुदा गाइडकडे आणि नंतर १९ पर्यंत फाइल ग्रंथालयाकडे असं दिसणार. शेवटच्या दोन महिन्यांत तुमच्या हातात प्रबंध जवळजवळ नव्हताच. ग्रंथालयाचा रिपोर्ट ही विद्यापीठाचीच अट, तो देणारंही विद्यापीठच. तुम्ही तिथे मुदतीच्या आत फाइल दिली असेल, तर विद्यापीठानं आपल्याच टेबलावर लागलेले आठ दिवस तुमच्या खात्यात का लिहिले, हा सरळ प्रश्न उभा राहतो. फाइल दिल्याची ईमेल किंवा पोच शोधा. पहिला रिपोर्ट मर्यादेबाहेर येऊन तुम्हाला दुरुस्ती करावी लागली असेल तर तेही लपवू नका. प्लॅगॅरिझमविषयीच्या अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर गेलं तर दुरुस्ती आली, आणि त्या दिवसांची जबाबदारी मग तुमची. हे समोरच्या बाजूनं शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं.

गाइडवर केस करायची नाही ती यासाठी. एक तर ते फारसं कुठे टिकत नाही. मसुदा दोन महिने ठेवला म्हणून प्राध्यापकाकडून भरपाई वसूल झाल्याचं माझ्या कामात मी पाहिलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे तुमच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार साक्षीदार तुम्ही स्वतःच्या हातानं समोरच्या खुर्चीत नेऊन बसवाल. त्याऐवजी त्यांना भेटा आणि एक पत्र मागा. 'माझी चूक झाली' असं त्यांच्याकडून लिहून घ्यायला जाऊ नका, कोणी लिहीत नाही, आणि मागितलं की दार बंद होतं. फक्त वस्तुस्थिती लिहून मागा: प्रबंधाचा अंतिम मसुदा मला अमुक तारखेला मिळाला, अमुक तारखेला सही करून परत दिला, विद्यार्थिनीचं संशोधन मुदतीत पूर्ण झालं होतं, प्रबंध मूल्यमापनासाठी स्वीकारावा अशी माझी शिफारस आहे. चार वाक्यं. एका प्रकरणात गाइडशी विद्यार्थ्याचं बोलणंच बंद होतं. मी विभागप्रमुखांमार्फत निरोप पाठवला, तेव्हा ते सर म्हणाले, 'तारखा लिहायला माझी काय हरकत?' त्या पत्रावर ते प्रकरण कुलगुरूंच्या दालनातच मिटलं, याचिका दाखलच करावी लागली नाही.

व्हॉट्सॲपवरचे 'सर बघितलं का', 'हो बघतो' हे संदेशही जपून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन किंवा मूळ मेलबॉक्स हाताशी असला की ते सोपं जातं. रिट याचिकेत पुराव्याची एवढी चिरफाड सहसा होत नाही, पण समोरच्यानं 'हा संदेश माझा नाही' म्हटलं तर काय, याची तयारी असावी.

त्या दोन ओळींच्या पत्राकडे परत येतो, कारण तुम्ही त्याला भिंत समजताय आणि मला त्यात दार दिसतंय. मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त हे प्रकरण १९७८ च्या निकालसंग्रहांत सापडेल. त्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी आदेश योग्य की अयोग्य हे त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच ठरवायचं. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालून तो सावरून घेता येत नाही. न्या. कृष्ण अय्यर यांचं त्यातलं वाक्य वकिलांना पाठ असतं: आदेश म्हणजे काही जुनी दारू नव्हे, की जितकी मुरेल तितकी चांगली लागेल. तुमच्या पत्रात सवलत का नाकारली याचं कारण नाही, म्हणून उद्या कोर्टात विद्यापीठ 'आम्ही विचार केला होता' असं म्हणू लागलं तर त्याला हे उत्तर आहे. शिवाय पत्राखाली सही कोणाची आहे ते बघा. उपकुलसचिवांची असेल तर निर्णय कोणी घेतला? कुलगुरूंपुढे किंवा संबंधित मंडळापुढे तुमचा अर्ज गेला होता का, की सेक्शननंच परस्पर उत्तर दिलं? माझ्या पॅनेलवरच्या दिवसांत अशी कितीतरी पत्रं मी पाहिली, जी साहेबांच्या नावानं जात आणि साहेबांनी पाहिलेलीही नसत. आणि नोंदणी रद्द करण्याआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी दिली का? पदवीचा मार्ग बंद करणारा निर्णय ऐकून न घेता घेतला असेल तर तो मुद्दा स्वतंत्रपणे उभा राहतो.

हे सगळं कळायला माहितीचा अधिकार वापरा. अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा ठेवा, महाराष्ट्राच्या नियमांत तसं आहे, नाहीतर त्याच कारणावरून परत येईल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. तीन गोष्टी मागा: तुमच्या विनंती अर्जावरची फाइल आणि त्यावरच्या टिप्पण्या, २०१९ साली लागू असलेला पीएचडीचा अध्यादेश किंवा निदेश, आणि तुमची आरएसी इतिवृत्तं. उत्तराची मुदत ३० दिवसांची. इतर कोणाला मुदतवाढ दिली ते विचारायचा मोह होईल. विचारा, पण वेगळ्या अर्जात, नावं वगळून, फक्त किती जणांना आणि कुठल्या कारणानं. तुमच्यासारख्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या कोणाला सवलत मिळाली असेल तर समानतेचा मुद्दा आपोआप येतो.

फी भरली होती का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. १४ ऑगस्टनंतरच्या काळाची फी विद्यापीठानं घेतली असेल, किंवा त्या तारखेनंतर तुम्हाला आरएसीला बोलावलं असेल, तर पावती जपा. कुरुक्षेत्र विद्यापीठाच्या १९७६ च्या निकालसंग्रहातल्या प्रकरणात, हजेरी कमी असूनही विद्यापीठानं विद्यार्थ्याला परीक्षेला बसू दिलं आणि मग उमेदवारी रद्द केली. ते सर्वोच्च न्यायालयानं चालू दिलं नाही. बेऱ्हामपूर विद्यापीठाच्या १९९० च्या प्रकरणातही सूर तोच, आधी प्रवेश देऊन शिकू दिलं आणि निकालाच्या वेळी अपात्र ठरवलं, हे चालणार नाही. पण हा मुद्दा फार ताणू नका. विनियमातली कमाल मर्यादा खरंच उलटून गेली असेल, तर फी घेतली म्हणून कोर्ट ती मर्यादा मोडायला सांगत नाही. तो आधाराचा टेकू आहे, खांब नाही.

मग जायचं कुठे? आधी विद्यापीठाच्याच विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. एप्रिल २०२३ च्या अनुदान आयोगाच्या विनियमांप्रमाणे ही समिती प्रत्येक संस्थेत हवी, आणि तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिनं अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते, आणि लोकपालानं ३० दिवसांत निवाडा करायचा असतो. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. कागदावरच्या मुदती आणि प्रत्यक्षातल्या मुदती यांत फरक पडतो, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. तरी हा टप्पा गाळू नका. उच्च न्यायालयात पहिला प्रश्न हाच येतो, 'आधी तिथे गेलात का?' अर्ज हातोहात द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या, त्याच दिवशी ईमेलही करा. 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या' हे उत्तर मिळालं तर वाद न घालता स्पीड पोस्टानं पाठवा.

अर्जाची भाषा बदला. पहिल्या अर्जात तुम्ही 'माझ्याकडून झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहे, कृपया एक संधी द्यावी' असं लिहिलंय. माणूस म्हणून ते योग्यच, पण तोच कागद उद्या 'विलंब अर्जदारानं मान्य केला आहे' म्हणून जोडला जाईल. नव्या अर्जात दया मागू नका. मी २०१६ च्या विनियमांखाली येते, महिलांसाठीची दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांची रजा यांचा माझ्याबाबत विचारच झालेला नाही, तो करावा, कारणांसह निर्णय द्यावा आणि दरम्यान माझा प्रबंध स्वीकारून ठेवावा. एवढंच. 'मला पीएचडी द्या' ही मागणी कोणीच मान्य करू शकत नाही. 'माझ्या अर्जाचा नियमाप्रमाणे विचार करा' ही नाकारायला मात्र विद्यापीठाला कारण शोधावं लागतं.

सेक्शनमधून कोणीतरी तुम्हाला 'नव्यानं प्रवेश घ्या, तेच संशोधन वापरा' असं सुचवेल. माझ्या अनुभवात हा सल्ला हमखास मिळतो, आणि सहसा चांगल्या मनानं मिळतो. नवा फॉर्म भरलात की जुनी नोंदणी संपली हे तुम्ही मान्य केल्यासारखं होतं. भरावाच लागला तर सोबत 'माझ्या मूळ नोंदणीविषयीचे हक्क अबाधित ठेवून' असं पत्र जोडा आणि त्याची पोच घ्या. तसंच कोविडकाळातल्या मुदतवाढीचं कोणी सांगितलं तर त्यात अडकू नका. ती त्या वेळी प्रबंध देण्याच्या शेवटच्या टप्प्यावर असलेल्यांसाठी होती, तुम्ही तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. त्या काळात प्रयोगशाळा किंवा क्षेत्रकाम बंद पडलं असेल तर पार्श्वभूमी म्हणून एक ओळ लिहा, मुख्य आधार म्हणून नाही.

समिती आणि लोकपाल यांच्याकडून काही झालं नाही, किंवा नुसतीच टोलवाटोलवी सुरू झाली, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. विद्यापीठ कुठल्या जिल्ह्यात त्यावर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच. कोल्हापूरकडे सध्या कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आहेत, तिथल्या विद्यार्थ्यांचे मुंबईचे हेलपाटे वाचले. कोर्ट शैक्षणिक बाबतीत हात आखडता घेतं, हे धरून चला. १९८४ साली महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षणातल्या जाणकारांच्या जागी न्यायालयानं आपलं मत बसवू नये. म्हणून प्रबंध किती चांगला आहे हे कोर्टाला सांगत बसायचं नाही. नियम कुठला होता आणि तो पाळला गेला का, एवढ्यावर राहायचं. अंतरिम मागणी एकच ठेवा: याचिकेच्या निकालाच्या अधीन राहून प्रबंध स्वीकारावा. त्यानं विद्यापीठाचं काही बिघडत नाही, म्हणून ती मिळण्याची शक्यता बरी असते. उशीर मात्र इथेही भोवतो. वर्षभर हातावर हात ठेवून मग आलेल्याला कोर्ट विचारतं, इतके दिवस कुठे होतात? रिटला ठरावीक मुदत नाही याचा अर्थ वेळ भरपूर आहे असा घेऊ नका.

ग्राहक न्यायालयाचं दोन वाक्यांत. बिहारच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात २००९ मध्ये आणि महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परीक्षा मंडळ किंवा विद्यापीठ हे अशा कामात सेवा विकणारे नाहीत आणि परीक्षार्थी हा ग्राहक नाही अशी भूमिका घेतली. तिथे गेलात तर पहिलं वर्ष 'हा ग्राहक आहे का' यावरच जाईल, आणि तोवर तुमचा खरा मुद्दा शिळा होईल.

जिंकण्याची शक्यता तुम्ही टक्क्यांत विचारलीत. तसं सांगणारा वकील भेटला तर त्याच्यापासून सावध राहा. मी हरलेली प्रकरणं मात्र सांगू शकतो. एका मुलाची मुदत संपताना सिनॉप्सिसही तयार नव्हता, आरएसीच्या सलग तीन बैठकांना तो गेला नव्हता, आणि त्याचा सगळा भर विभागप्रमुख आपल्यावर राग धरतात यावर होता. राग असेलही, पण कोर्टापुढे फाइल रिकामी होती. दुसऱ्या एका बाईंना सवलत मिळाली होती, तीही संपली, आणि त्यानंतर त्या आल्या. तिथे विवेकाधिकार उरलाच नव्हता. तुमचं तसं नाही. प्री-सबमिशन झालंय, गाइडची सही आहे, रिपोर्ट आहे, बांधलेला प्रबंध आहे आणि सवलतीचं कलम न वापरलेलं पडून आहे. विद्यापीठाच्या बाजूनं उभा असतो तर मी त्यांना आतल्या आत मिटवा म्हणून सांगितलं असतं.

या आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, गाइडना भेटा, तक्रार समितीच्या अर्जाचा मसुदा करा. माहिती अधिकाराच्या उत्तरासाठी समितीचा अर्ज अडवून ठेवू नका, कागद नंतर जोडता येतात. आणि तीन गोष्टी कळवा: प्रवेशाच्या पत्रात 'तात्पुरता' असा शब्द आहे का, २०२२ मध्ये रजेचा काही कागद दिला होता का, आणि त्या दोन ओळींच्या पत्राखाली सही नेमकी कोणाची आहे.